‘चालून जाते’ची चाचणी

हौशी माणसाने घरी बांधलेल्या विमानात विमानासाठी घडवलेले इंजिन न बसवता मोटारीचे, मोटारसायकलचे किंवा हाताशी आलेले दुसरे कुठलेही इंजिन बसवले, की त्याला पर्यायी इंजिन म्हणतात. ‘पर्यायी’ हा शब्द तसा निरुपद्रवी दिसतो. पण ‘पर्यायी मार्ग’ अशी पाटी वाचून ज्या नागपूरकराने एकदा तरी गाडी वळवली आहे, त्याला पुढे काय वाढून ठेवले आहे हे तेवढ्यावरून कळते. पर्यायाकडे वळण्याचे मुख्य कारण पैसा. एका नव्या विमान-इंजिनाच्या किमतीत चांगली मोटार येते, आणि तिच्यात इंजिन असतेच. हा हिशेब इतका बिनतोड वाटतो की तो एकदा मांडला की माणूस पुढची काही वर्षे घरात दुसरा कुठलाच हिशेब देऊ शकत नाही.

या उद्योगाचे घराणे मोठे आहे. राइट बंधूंनी मोटारीची इंजिने बनवणाऱ्यांना पत्रे लिहून हलके इंजिन मागितले. हवे तसे कुणी देईना. शेवटी त्यांच्या सायकलच्या दुकानातल्या चार्ली टेलर या मेकॅनिकने सुमारे सहा आठवड्यांत १२ हॉर्सपॉवरचे इंजिन घडवले. त्या इंजिनाने सायकलसारख्या साखळ्यांवर दोन पंखे फिरवले आणि १७ डिसेंबर १९०३ रोजी विमान १२ सेकंद उडाले. १९२९ साली अमेरिकेत बर्नार्ड पिटनपोल यांनी फोर्डच्या मॉडेल ए मोटारीचे इंजिन विमानात बसवून दाखवले. दुसऱ्या महायुद्धानंतर फोक्सवॅगन बीटलचे इंजिन युरोपातल्या हौशी मंडळींनी छोट्या विमानांना लावले, आणि पुढे सुझुकीचे तीन सिलिंडरचे इंजिनही उडू लागले. मारुती ८०० चे बोनेट उघडून विचारात पडणारा माणूस त्यामुळे अगदीच एकटा नाही.

मराठी माणसाचा पर्याय याहून धाडसी होता. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली गिरगाव चौपाटीवर विमान उडवल्याची कथा सांगतात, आणि त्या कथेत इंजिनाच्या जागी पारा आहे. त्या काळचा भरवशाचा पुरावा काही सापडत नाही. ज्या ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथाशी ही कथा जोडली जाते, त्यातली विमाने उडू शकणार नाहीत, असे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी १९७४ साली दाखवून दिले. पारा चढायचा तो थर्मामीटरमध्ये, आणि त्या बाबतीत नागपूरला कुणी शिकवायला नको.

खरोखर बांधलेले आणि कागदावर आलेले मराठी विमान म्हणजे कॅप्टन अमोल यादव यांचे. मुंबईत कांदिवलीच्या चारकोपात, राहत्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधले. इंजिनासकट सगळे सामान जिन्याने वर गेले. पाण्याची टाकी गच्चीवर चढवताना आख्खी सोसायटी कामाला लागते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना यातला पराक्रम कळेल. फेब्रुवारी २०१६ मध्ये हे विमान ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी पाहिले. नोंदणी झाली २०१७ च्या नोव्हेंबरात, उडवण्याचा परवाना मिळाला २०१९ मध्ये, आणि २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवर चाचणी झाली. गच्चीवरून जमिनीवर उतरायला विमानाला जेवढा वेळ लागला, त्याच्या कितीतरी पट वेळ जमिनीवरून वर जायला लागला.

नागपूरचा विमानांशी संबंध जुना आहे. जानेवारी १९४९ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली टपालाची विमाने मध्यरात्री इथल्या सोनेगाव विमानतळावर जमत, पोती बदलत आणि परत जात. आजही बोइंग ड्रीमलायनरच्या फरशीखालच्या तुळया इथल्या मिहान औद्योगिक क्षेत्रात तयार होतात. म्हणजे त्या विमानात जग नागपूरच्या जिवावर उभे असते. पण तुळई करणे वेगळे आणि आपल्या अंगणात आख्खे विमान उभे करणे वेगळे. दुसऱ्या कामात शहराच्या स्वभावाशी गाठ पडते, आणि तो स्वभाव दोन शब्दांत मावतो: ‘चालून जाते’. नट किंचित सैल आहे, चालून जाते. पाइप गाडीचाच आहे, चालून जाते. घरच्या विमानाची उड्डाणपूर्व तयारी म्हणजे हे दोन शब्द एकेका भागातून शोधून बाहेर काढण्याचे काम. चालण्यापुरते ते खरेही असतात.

सुरुवात इंजिनाच्या सवयींपासून करावी लागते. मोटारीचे इंजिन आरामात वाढलेले असते. व्हरायटी चौकातल्या सिग्नलवर ते उभे राहते, उतारावर नुसते घरंगळते, आणि सपाट रस्त्यावर ताशी ६० किलोमीटरने जाताना आपल्या ताकदीचा जेमतेम छोटासा भाग खर्च करते. पूर्ण ताकद त्याला लागते ती ओव्हरटेक करताना, काही सेकंद. विमानाचे इंजिन जमीन सोडताना पूर्ण ताकदीने आणि नंतर तासन् तास तीन चतुर्थांश ताकदीने राबते. सरकारी नोकरीतल्या माणसाला एकदम रब्बीच्या हंगामात शेतावर उभे करावे, तसा हा बदल आहे. शिवाय गाडी कुरकुरली तर बाजूला घेता येते. आकाशाला बाजू नसते.

दुसरी अडचण फेऱ्यांची. छोट्या मोटारीचे इंजिन आपली पूर्ण ताकद मिनिटाला ५,०००-५,५०० फेऱ्यांवर देते. त्यालाच थेट १.७ मीटर व्यासाचा पंखा लावला, तर ५,५०० फेऱ्यांवर पंख्याच्या टोकाचा वेग सेकंदाला सुमारे ४९० मीटर होतो. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३५० मीटर. टोक आवाजाच्या पुढे गेले की पंखा हवा मागे ढकलण्याऐवजी आरडाओरडाच जास्त करतो. मोहल्ल्यातल्या सभेत असे पंखे पुष्कळ दिसतात. म्हणून इंजिन आणि पंखा यांच्यामध्ये दातेरी चक्रांची किंवा जाड पट्ट्याची जोडणी घालून फेऱ्या सव्वादोन-अडीच पटीने कमी करतात. ही जोडणी पर्यायी इंजिनाची खरी दुखरी जागा. इंजिनाचा प्रत्येक स्फोट दांड्याला किंचित पिळतो, पंखा आपल्या जडपणाने त्याला उलटा पिळतो, आणि एखाद्या ठरावीक फेऱ्यांवर दोघांचा ताल जुळला की दांडा तुटतो. तो ताल कुठे जुळतो हे आधी जमिनीवर शोधायचे आणि त्या फेऱ्यांवर मीटरमध्ये लाल रेघ मारायची.

इंजिन थंड ठेवण्याच्या बाबतीत मात्र नागपूरकराला कॉलेजात जायची गरज नाही. खोलीत कूलर कितीही मोठा लावला आणि समोरची खिडकी बंद ठेवली, तर थंड हवा येत नाही, नुसती चिकचिक होते. हे इथल्या पाचवीतल्या मुलालाही माहीत असते. रेडिएटरचेही तसेच. हवा आत घ्यायचे तोंड लहान चालते. पुढे नळी हळूहळू रुंद करून हवेचा वेग उतरवावा लागतो, आणि गरम झालेली हवा बाहेर जायला मोकळी वाट ठेवावी लागते. नवखा माणूस तोंड मोठे करत जातो आणि वाट बुजवतो. मग धावपट्टीच्या टोकाशी रांगेत उभे असतानाच पाणी उकळते, कारण तिथे समोरून वारा नसतो.

इंधनाचा विषय नागपुरात जपून काढावा लागतो, कारण इथेनॉलची देशातली सर्वात खणखणीत वकिली याच शहराच्या खासदारांनी, नितीन गडकरींनी केली आहे. रस्त्यावर ते ठीक आहे. पण पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते पाणी ओढून घेते, जुन्या धाटणीचे रबर फुगवते आणि फायबरच्या काही टाक्यांचा लेप सोडवते. आपल्या पेट्रोलमध्ये ते किती आहे हे पाहण्याची युक्ती सोपी आहे. १०० मिलिलिटरच्या खुणांच्या काचनळीत आधी १० मिलिलिटर पाणी घ्यायचे, वर ९० मिलिलिटर पेट्रोल, तोंड दाबून हलवायचे आणि नळी उभी ठेवायची. थोड्या वेळाने तळाशी १० च्या खुणेवर असायला हवे ते पाणी पंचविशीच्या पुढे सरकलेले दिसते. पाणी वाढलेले नसते. पेट्रोलमधले इथेनॉल त्याच्याकडे राहायला गेलेले असते. दुधात पाणी शोधणाऱ्या समाजाला पाण्यात पेट्रोल शोधताना वेगळेच समाधान मिळते. मग सगळ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घालायच्या, त्यांच्यावर उष्णता अडवणारे वेष्टन चढवायचे आणि पंप टाकीजवळ, खालच्या बाजूला बसवायचा. नाही तर मे महिन्यात नळीतच पेट्रोलची वाफ होते आणि इंजिन घोटभरही न मिळता बंद पडते.

नळीतून इंधन पुरेसे येते का, हे विमानाचे नाक वर करून मोजतात, कारण वर चढताना ते तसेच असणार. इंजिनाला पूर्ण ताकदीवर ताशी २४ लिटर लागत असतील आणि टाकी वर, नुसत्या उताराने इंधन येत असेल, तर दीडपट म्हणजे ताशी ३६ लिटर यायला हवेत. इंजिनाकडची नळी सोडून खाली डबा धरायचा: दहा मिनिटांत ६ लिटर. साडेपाच आले तर चालून जात नाही.

यानंतर येतात नट आणि बोल्ट. लोहापुलापाशी किंवा गांधीबागेत मिळणारा बोल्ट आणि विमानाचा बोल्ट शेजारी ठेवले तर भाऊ-भाऊ वाटतात. फरक ताण आल्यावर कळतो, जसा भावांचाही कळतो. विमानात महत्त्वाचा कुठलाही नट नुसता आवळून सोडत नाहीत. खाचेच्या नटात स्प्लिट पिन घालतात, किंवा बोल्टच्या डोक्यातल्या भोकातून बारीक तार ओवून ती शेजारच्या बोल्टला बांधतात. तार अशा बाजूने न्यायची की बोल्ट सैल व्हायला लागला की तीच त्याला आवळण्याच्या दिशेने ओढेल. उलट बाजूने नेली तर ती शोभेची. पीळ दर इंचाला सहा ते आठ. कमी पडले तर तार ढिली राहते, जास्त झाले तर तुटते. कारागीर एक तार बांधायला पाच मिनिटे घेतो आणि अशा तारा शेकड्याने असतात. या टप्प्यावर मदतीला आलेला मित्र एम-सील सुचवतो. त्याला चहा आणायला पाठवावे.

प्रत्येक गोष्ट जोडीने ठेवणे हाही नियम. विमानाच्या जातिवंत इंजिनात दर सिलिंडरला दोन स्पार्क प्लग आणि ठिणगीच्या दोन स्वतंत्र व्यवस्था असतात, आणि बॅटरी मेली तरी ठिणगी पडत राहते. मोटारीच्या नव्या इंजिनाचा कारभार मात्र एका इलेक्ट्रॉनिक पेटीकडे असतो, आणि त्या पेटीला वीज लागते. वीज गेली की इंजिन गेले. म्हणून दोन बॅटऱ्या, दोन पंप, दोन वायरी आणि मधले बटण. लोडशेडिंगच्या काळात वाढलेल्या पिढीला इन्व्हर्टरची महती पटवावी लागत नाही.

आता वजन. विमानाच्या तिन्ही चाकांखाली एकेक काटा ठेवावा लागतो, आणि असे तीन सारखे काटे कळमना बाजारातल्या ओळखीने मिळतात. समजा नाकाच्या चाकावर ११० किलो आणि मागच्या दोन्हींवर मिळून ३८० किलो आले. नाकाचे चाक विमानाच्या टोकापासून ०.६ मीटरवर आणि मागची २.१ मीटरवर असतील, तर वजनांना अंतरांनी गुणून एकूण ४९० ने भागले की विमानाचा तोल टोकापासून १.७६ मीटरवर येतो. नकाशात दिलेल्या हद्दीत तो बसला पाहिजे. मोटारीचे इंजिन, त्याचा रेडिएटर आणि आतले पाणी धरून नाक बहुधा जड निघते. मग बॅटरी शेपटाकडे सरकते. हा हिशेब वैमानिकासकट करायचा असतो, आणि वैमानिकाचे वजन सावजी जेवणाच्या आधी घ्यावे की नंतर, हा फालतू प्रश्न नाही. तो जेवल्यावर उडणार असेल तर नंतर.

मग इंजिन सुरू करण्याचा दिवस. शेपूट कडुनिंबाच्या खोडाला दोराने बांधतात, मध्ये ताणकाटा अडकवतात आणि पंखा किती किलोने ओढतो ते पाहतात. या कामाला कुणाला बोलवावे लागत नाही. आवाज ऐकून गल्ली आपण होऊन जमते. पहिला प्रश्न ठरलेला:

“काय बनवून राहिले भाऊ?”

“विमान.”

“ॲव्हरेज किती देते?”

विमानाचे ॲव्हरेज किलोमीटरवर मोजत नाहीत, तासावर मोजतात. ८० हॉर्सपॉवरचे इंजिन तासाला १५ ते २० लिटर पिते. हे उत्तर ऐकून प्रश्नकर्ता कीव आल्यासारखी मान हलवतो आणि सीएनजी बसवायचा सल्ला देतो. दुसरा बघ्या मागून ढकलू का विचारतो. तिसरा मोबाइल उंच करून नेमका पंख्याच्या रेषेत जाऊन उभा राहतो. त्याला हटवल्याशिवाय किल्ली फिरवू नये, कारण फिरणारा पंखा दिसत नाही.

इथे थोडे थांबावे लागते. ऑगस्ट २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगी गावात एका २४ वर्षांच्या वेल्डरने मारुती ८०० चे इंजिन लावून स्वतः बांधलेले हेलिकॉप्टर चाचणीसाठी सुरू केले. शेपटाकडचे पाते तुटले, ते वरच्या मोठ्या पात्यावर आदळले, आणि ते पाते त्याच्या डोक्याला लागले. तो वाचला नाही. शाळा आठवीतच सुटलेली होती. कपाटे बनवत त्याने हे काम शिकून घेतले होते. कौशल्यात काही कमी नव्हते. कमी होती ती पाते आणि माणूस यांच्यामध्ये उभे राहू शकेल अशा जाळीची, अंतराची, आणि “आज नको” म्हणणाऱ्या जाणत्या माणसाची. म्हणून दोरावरची चाचणी दुरून, आडोशामागून, काही तासांची घेतात: कमी फेऱ्यांवर, मग वाढवत, मग पूर्ण ताकदीवर, आणि दर वेळी बंद करून प्रत्येक तार, पट्टा, नळी हाताने चाचपतात.

कागदपत्रांचे काम याच सुमारास ऐन भरात येते. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला नकाशे, वजनाचा तक्ता, चाचण्यांच्या नोंदी आणि उडवणाऱ्याचा परवाना दाखवल्याशिवाय विमानाला अंगणाबाहेर आकाश नाही. नोंदणी मिळाली की शेपटावर ‘व्हीटी’ने सुरू होणारी अक्षरे रंगवतात. ‘व्हीटी’ म्हणजे ‘व्हाइसरॉयचा मुलूख’ असे गल्लीतले एखादे आजोबा सांगतात. ही लोकांची आवडती फोड आहे, इंग्रजी अमदानीत हिंदुस्थानला वाटून आलेली ती नुसती दोन अक्षरे. पण आजोबांशी वाद घालू नये, नारळ फोडायला तेच लागतात.

सोनेगावचा विमानतळ प्रवासी विमानांनी गजबजलेला असतो आणि त्याच आवारात हवाई दलाचाही वावर आहे. अनोळखी इंजिनाची पहिली परीक्षा तिथे देण्याऐवजी चंद्रपूरजवळच्या मोरव्यासारखी निवांत धावपट्टी शोधणे शहाणपणाचे. त्यामुळे पंख सोडवून, गादीत गुंडाळून विमान ट्रकवर चढते. त्याचा पहिला प्रवास रस्त्याने होतो, टोल भरून.

मुहूर्त पंचांगापेक्षा थर्मामीटर पाहून काढावा. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१५ मीटरवर आहे. पण मे महिन्यात दुपारी ४५ अंशांना हवा इतकी विरळ होते की विमानाला आपण जवळपास १,५०० मीटरवर, म्हणजे महाबळेश्वरच्याही वर उभे आहोत असे वाटते. गारवा आणि स्ट्रॉबेरी सोडून महाबळेश्वरचे सगळे त्याला मिळते: १०० हॉर्सपॉवरच्या इंजिनातले चौदाएक गायब होतात, पंखांना हवेचा आधार कमी पडतो, आणि धावपट्टी संपत आली तरी चाके जमीन सोडत नाहीत. तेच विमान डिसेंबरात सकाळी सात वाजता, १२ अंशांना, आपली पूर्ण ताकद देते. संक्रांतीच्या आत उरकून घ्यावे. नंतर आठवडाभर आकाशाची मालकी पतंगवाल्यांकडे जाते, आणि मांजा विमानाची नोंदणी पाहत नाही.

आधी काही दिवस विमान नुसते जमिनीवर चालवतात: सावकाश, मग जोरात, मग नाक जरा उचलेपर्यंत. ब्रेक, सुकाणू आणि इंजिनाचे तापमान यांची ओळख होते. मग एकट्या वैमानिकाने, टाकीत पुरेसे इंधन घेऊन, धावपट्टीच्या वरच घिरट्या घालायच्या. शेजारी बसण्याचा हक्क सांगणारे मेहुणे खाली राहतात. अमेरिकेतल्या रूढ नियमाप्रमाणे प्रमाणित इंजिन-पंख्याच्या विमानाला २५ तास आणि पर्यायी इंजिनाच्या विमानाला ४० तास चाचणी उड्डाण केल्याशिवाय प्रवासी बसवता येत नाही, आणि नातेवाइकांना थोपवण्यासाठी हा नियम आपल्याकडेही सांगण्यासारखा आहे. जमीन सोडताच इंजिन बंद पडले तर मागे वळायचे नसते. समोर जे मोकळे शेत दिसेल त्यात उतरायचे. वर्धा रोडवर दुभाजक फोडूनही यू-टर्न घेणाऱ्याला हे सर्वात जड जाते. वळताना वेग मरतो आणि विमान दगडासारखे खाली येते, म्हणून आधी शंभर वेळा मनात घोकायचे: समोर, समोर, समोर.

उतरल्यावर लोक हार घालतात, तर्री-पोह्यांच्या प्लेटा फिरतात, आणि वैमानिक अंगावरचा हार काढायच्या आत इंजिनावरचे झाकण काढतो. तेल गरम असतानाच काढून पांढऱ्या फडक्यातून गाळतात, फिल्टर कापून त्याच्या घड्या उन्हात उलगडून पाहतात. चकाकणारा एखादा कण दिसला तर जोडणी पुन्हा उघडायची. काही दिसले नाही तर वहीत नोंद करायची: उड्डाण पहिले, वेळ ३० मिनिटे. उरले साडेएकोणचाळीस तास.